सॉफ्टवेअर बंद पडले, जुन्या गाण्यांचे काय?

रेकॉर्डिंगचा धंदा आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. परभणी जिल्ह्यात दुकानाच्या वरच्या खोलीत, भिंतींना फोम आणि जुन्या गाद्या लावून चालणारे छोटे स्टुडिओ आहेत. तेथे नात व हम्द रेकॉर्ड होते, भीमगीते होतात, निवडणूक आली की प्रचाराची गाणी होतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला परभणीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो, त्याच्या आधी कव्वालीवाल्यांचे काम येते. आणि बारा महिने चालणारे काम म्हणजे दुकानांच्या जाहिराती. पेडगावसारख्या गावात भोंगा लावलेला ऑटो जी जाहिरात वाजवत फिरतो, ती अशाच एखाद्या खोलीत तयार झालेली असते.

म्हणून हा विषय एकट्या स्टुडिओवाल्याचा नाही, दुकानदाराचाही आहे. कापड दुकानाची जाहिरात एकदा चांगली जमली की चाल तीच राहते, बदलतो तो फक्त मजकूर. आधी ईदचा माल, मग दिवाळी, मग लग्नसराई. गिऱ्हाईक चालीवरूनच दुकान ओळखते. स्टुडिओवाला जुने काम संगणकावर उघडतो, संगीत तसेच ठेवतो आणि निवेदकाचा आवाज तेवढा नवा घेतो. अर्ध्या तासाचे काम आणि थोडे पैसे. पण ते जुने काम उघडलेच नाही तर ढोलक पुन्हा वाजवून घ्या, की-बोर्ड पुन्हा, कोरस पुन्हा. खर्च पूर्ण लागतो आणि चाल हुबेहूब तशीच येईल याची हमी कोणी देत नाही.

काम न उघडण्याची कारणे पुष्कळ असतात. त्यातले एक असे आहे की त्यात स्टुडिओवाल्याचा काही दोष नसतो. ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम केले ते बनवणारी कंपनीच ते बंद करते. अशा वेळी जुना माल नव्या सॉफ्टवेअरमध्ये कसा न्यावा, हे या लेखात पाहू.

गाणे वेगळे, प्रोजेक्ट वेगळा

तयार झालेले गाणे म्हणजे एक ध्वनिफाईल. ती मोबाईलवर वाजते, गाडीत वाजते, कुठेही वाजते. तिला काही धोका नाही. प्रोजेक्ट ही वेगळी चीज आहे. गायकाचा आवाज एका ट्रॅकवर, ढोलक दुसऱ्यावर, हार्मोनियम तिसऱ्यावर, कोणता आवाज कुठे कापला, कुठे वाढवला, कुठे किती गुंज दिली, हे सर्व ज्या फाईलमध्ये नोंदलेले असते तिला प्रोजेक्ट म्हणतात. ही फाईल म्हणजे बहुतांशी नोंदवही असते. खरा आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये पडलेला असतो आणि नोंदवही प्रत्येक कंपनी आपल्याच लिपीत लिहिते.

एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर काम करणाऱ्या कारागिरांना हे लगेच समजेल. विलकॉम सॉफ्टवेअरची मूळ डिझाइन फाईल ईएमबी असते. तिच्यात फूल हे फूल असते, पान हे पान असते, आकार वाढवला तर टाके आपोआप वाढतात. मशीनला आपण देतो ती डीएसटी फाईल. तिच्यात फक्त टाके असतात, धाग्याचा रंगदेखील नसतो. डीएसटी कोणत्याही मशीनवर चालते, पण तिचा आकार जास्त वाढवला तर काम विरळ दिसते. तयार गाणे हे डीएसटीसारखे आहे आणि प्रोजेक्ट ईएमबीसारखा. गिऱ्हाईक वर्षाने परत येते तेव्हा त्याला बदल हवा असतो, आणि बदल ईएमबीतच होतो.

स्पूल टेपच्या जमान्यात ही अडचण एवढी नव्हती. वेग आणि टेपची रुंदी जुळली की एका कंपनीच्या मशीनवर भरलेली टेप दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर वाजत असे. संगणकाने काम स्वस्त केले, सोपे केले, पण माल कंपनीच्या कुलपात नेऊन ठेवला. उर्दू छपाईवाल्यांना हा अनुभव नवा नाही. १९९४ मध्ये इनपेज आले आणि नस्तालीक कंपोजिंग घरोघर झाले, परंतु जुन्या इनपेजमधला मजकूर उचलून दुसरीकडे टाकला की अर्थहीन चिन्हे उमटत. युनिकोडमध्ये आणायला वेगळे कन्व्हर्टर लागले. मराठीत श्रीलिपीचे जुने काम ज्यांच्याकडे पडून आहे, त्यांचीही हीच कथा आहे.

मोठ्या कंपन्यांचाही भरवसा नाही

ज्यांना वाटते की नामांकित कंपनीचे सॉफ्टवेअर घेतले म्हणजे चिंता मिटली, त्यांनी केकवॉकची हकीकत ऐकावी. अमेरिकेतील बोस्टनजवळच्या एका छोट्या कंपनीने १९८७ मध्ये हे सॉफ्टवेअर काढले. २००१ पासून ते सोनार या नावाने विकले जाऊ लागले. पुढे कंपनीचा मोठा हिस्सा जपानच्या रोलंडकडे गेला आणि २०१३ मध्ये ती गिटार बनवणाऱ्या गिब्सनच्या ताब्यात आली. २०१६ मध्ये एक योजना निघाली की ठराविक रक्कम भरा आणि सोनारच्या सुधारित आवृत्त्या आजन्म फुकट घ्या. पुष्कळांनी पैसे भरले. २० नोव्हेंबर २०१७ रोजी गिब्सनने जाहीर केले की केकवॉकचे काम थांबवले आहे. दीड वर्षसुद्धा झाले नव्हते. आजन्म म्हणजे कोणाचा जन्म, एवढे विचारायचे राहून गेले. १ मे २०१८ रोजी गिब्सनने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला.

केकवॉकच्या गिऱ्हाइकांचे नशीब बरे म्हणायचे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅब कंपनीने ते विकत घेतले आणि काही आठवड्यांत फुकट देणे सुरू केले. जुने प्रोजेक्ट त्यात उघडत होते. त्यानंतर २०२३ मध्ये बँडलॅबने सांगितले की ही फुकट आवृत्ती बंद होईल आणि तिच्या जागी पुन्हा सोनार नावाने नवे सॉफ्टवेअर येईल. सहा वर्षांत दोनदा सामान बांधण्याची पाळी.

सर्वांचे नशीब असे नसते. जर्मनीच्या इमॅजिक कंपनीचे लॉजिक हे सॉफ्टवेअर विंडोजवर काम करणाऱ्यांत लोकप्रिय होते. जुलै २००२ मध्ये अॅपलने ती कंपनी घेतली आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर विंडोजवरचे लॉजिक बंद केले. मॅक संगणक घ्या नाही तर दुसरे सॉफ्टवेअर बघा, असा मामला होता. मुदत जेमतेम तीन महिन्यांची.

स्वरलेखनाच्या फिनालेची गोष्टही सांगण्याजोगी आहे. ३५ वर्षे चाललेले हे सॉफ्टवेअर २६ ऑगस्ट २०२४ रोजी बंद झाल्याचे कंपनीने जाहीर केले. पहिल्या घोषणेत असेही होते की एका वर्षानंतर ते नव्या संगणकावर चालू करून मिळणार नाही. जगभरातून ओरड झाली तेव्हा ही अट लगेच मागे घेतली गेली.

आपल्याकडच्या छोट्या स्टुडिओंना जास्त जवळचे नाव म्हणजे कूल एडिट प्रो. हलक्या संगणकावर चालायचे, शिकायला सोपे. २००३ मध्ये अॅडोबीने ते घेतले आणि त्याचे नाव ऑडिशन झाले. २०११ मध्ये ऑडिशन नव्याने बांधून बाजारात आणले तेव्हा जुन्या एसईएस फाईली त्यात सरळ उघडेनात. त्या आधी जुन्या ऑडिशन ३ मध्ये उघडायच्या, तेथून एक्सएमएल रूपात काढायच्या आणि मग नव्यात घ्यायच्या. ज्याने जुने ऑडिशन काढून टाकले होते, त्याचा रस्ताच बंद.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कंपनीने सॉफ्टवेअर बंद केले म्हणून आपल्या संगणकावरचे त्याच दिवशी बंद पडत नाही. ते चालत राहते आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो. संकट येते ते हार्ड डिस्क बसते त्या दिवशी. नवा संगणक आणला, सॉफ्टवेअर पुन्हा घातले, ते कंपनीकडे परवानगी मागते, आणि परवानगी देणारी खिडकीच उठून गेलेली असते. क्युबेस आणि नुएंडोच्या जुन्या आवृत्त्यांना यूएसबीची एक चावी लागायची. २०२२ पासून आलेल्या आवृत्त्यांतून स्टाइनबर्ग कंपनीने ती काढली आणि जुन्या चावीची ऑनलाइन सेवा २० मे २०२५ रोजी संपली. चावीत असलेला परवाना चालतो, पण ती चावी तुटली किंवा हरवली तर तिच्या बदली दुसरी मिळण्याचा मार्ग नाही.

काय काढून ठेवावे

तेव्हा जुने सॉफ्टवेअर चालू आहे तोवरच माल बाहेर काढावा. कसा, ते नीट पाहू.

मुख्य काम म्हणजे प्रत्येक ट्रॅकची स्वतंत्र वेव्ह फाईल करणे. स्टुडिओच्या भाषेत यांना स्टेम म्हणतात. ढोलक दीड मिनिटानंतर सुरू होत असली तरी तिची फाईल गाण्याच्या अगदी पहिल्या क्षणापासून काढावी, आधी शांतता असली तरी चालेल. सर्व फाईली एकाच ठिकाणाहून सुरू झाल्या की कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये शून्यावर ठेवताच त्या आपोआप जुळतात. कापड कापताना सगळे थान एका काठाला लावून घेतो, तसेच हे आहे. वेव्ह हा प्रकार १९९१ पासून आहे, प्रत्येक सॉफ्टवेअर तो वाचते आणि पुढेही वाचील असे मानायला जागा आहे. एमपी३ करू नये, त्यात आवाजाचा बराच भाग कायमचा गळतो.

गायकाचा आवाज दोन प्रकारे काढावा. एक गुंज वगैरे सर्व इफेक्ट लावून, दुसरा कोरा. इफेक्ट लावलेला आवाज जुन्या गाण्याशी जुळतो. कोरा असला तर पुढे हवे ते करता येते.

की-बोर्डने वाजवलेली वाद्ये हा नाजूक भाग. येथे प्रोजेक्टमध्ये आवाज नसतोच, मिडी असते. मिडी म्हणजे कोणता सूर, केव्हा, किती जोराने दाबला याची यादी. ही पद्धत १९८३ पासून सर्व कंपन्यांची एकच आहे, त्यामुळे मिडी फाईल कोठेही उघडते. पण तिच्यात फक्त सूर असतात, हार्मोनियम नसते. हार्मोनियमचा आवाज ज्या प्लगइनमधून येत होता ते नव्या संगणकावर नसले तर तीच चाल पियानोत वाजेल किंवा वाजणारच नाही. प्लगइनही बंद पडतात. २०१६ च्या अखेरीस आलेल्या क्युबेस ९ ने जुनी ३२ बिटची प्लगइन घेणे थांबवले, तेव्हा अनेकांची फुकटात मिळालेली तबला-सितारीची वाद्ये एका झटक्यात निकामी झाली. म्हणून अशा प्रत्येक वाद्याची मिडी फाईलही ठेवावी आणि तयार आवाजाची वेव्ह फाईलही ठेवावी. एकावर भागवू नये.

मिडीत आपल्या संगीतापुरती आणखी एक खोच आहे. मींड काढण्यासाठी की-बोर्डवरचे चाक फिरवतात. ते चाक पूर्ण फिरवल्यावर सूर किती सरकायचा हे मिडी फाईल ठरवत नाही, बहुधा वाद्याचे प्लगइन ठरवते. साधारण रिवाज दोन अर्धस्वरांचा आहे. आपला वादक मात्र लांब मींड घेण्यासाठी ते माप सात किंवा बारावर नेऊन ठेवतो. नव्या प्लगइनमध्ये ते माप दोनवरच राहिले तर सगळ्या मींडी अर्ध्यात तुटतात आणि गाणे बेसूर लागते. हे माप कागदावर लिहून ठेवावे. इंग्रजी पुस्तकांत यावर जोर नसतो, कारण त्यांच्या पियानोला मींड नाही.

दुसरी बारीक गोष्ट आवाजाच्या मापाची. काही कामे ४४,१०० च्या मापाने भरलेली असतात, काही ४८,००० च्या. ४४,१०० ची फाईल ४८,००० ची समजून वाजवली तर पाच मिनिटांचे गाणे सुमारे ४ मिनिटे ३६ सेकंदांत संपते आणि सूर दीड अर्धस्वराने चढतो. काळी एकमध्ये गाणारा पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कोठेतरी लटकतो. गिऱ्हाइकाला नेमके काय झाले ते सांगता येत नाही. तो एवढेच म्हणतो की आवाज माझा वाटत नाही.

ट्रॅक काढून झाले की ते नव्या सॉफ्टवेअरमध्ये लगेच लावून जुन्या तयार गाण्याशेजारी ऐकावेत, सहा महिन्यांनी नव्हे. कानावर भरवसा नसेल तर एक युक्ती आहे. दोन्ही एकाच वेळी वाजवावे आणि एकाची फेज उलटी करावी. सर्व जुळत असेल तर दोघे एकमेकांना खाऊन टाकतात आणि शांतता होते. जे ऐकू येईल, ते निसटलेले. मूळ गाण्यावर शेवटी काही प्रक्रिया केलेली असेल तर पूर्ण शांतता होत नाही, तरी एखादा ट्रॅक राहून गेला असल्यास तो उघडा पडतो.

पूर्ण प्रोजेक्टच एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचे मार्गही आहेत. ओएमएफ आणि एएएफ हे जुने. त्यांत काप आणि ट्रॅकची मांडणी जाते, प्लगइन जात नाहीत. २०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनस या दोन कंपन्यांनी डॉप्रोजेक्ट नावाचा खुला प्रकार आणला आणि २०२४ च्या क्युबेस १४ नेही तो स्वीकारला. तो अधिक चांगला आहे, पण बंद पडलेल्या जुन्या सॉफ्टवेअरला तो कोठून येणार? जुन्या मालासाठी वेव्ह आणि मिडी हाच पक्का रस्ता.

जागा, वेळ आणि पैसा

जागेची भीती बाळगू नये. ४८,००० चे माप आणि २४ बिट धरले तर एका साध्या ट्रॅकला मिनिटाला ८.६४ एमबी लागतात. पाच मिनिटांचे, २४ ट्रॅकचे गाणे सुमारे १ जीबी होते. १ टीबीच्या एका डिस्कवर अशी नऊशेहून अधिक गाणी मावतात, स्टिरिओ ट्रॅक जास्त असतील तर त्याहून कमी. डिस्क दोन घ्याव्यात. एक स्टुडिओत, दुसरी घरी. एकाच कपाटात दोन्ही ठेवणे म्हणजे एकच ठेवणे.

वेळ मात्र लागतो आणि जुने सर्व काम एकदम होत नाही. माझ्या मते सुरुवात परत येणाऱ्या गिऱ्हाइकांपासून करावी. दुकानांच्या जाहिराती, शाळांची गाणी, नेहमीचे नातख्वाँ आणि कव्वाल. निवडणुकीची गाणी सर्वांत शेवटी. हरलेला उमेदवार गाणे परत मागत नाही आणि जिंकलेला पुढच्या वेळी नवेच मागतो.

जुना संगणक भंगारात देऊ नये. त्याची इंटरनेटची तार काढून टाकावी, हार्ड डिस्कची जशीच्या तशी प्रत करून ठेवावी आणि तो कपड्याने झाकून कोपऱ्यात ठेवावा. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा संगणकावर इंटरनेट चालवणे धोक्याचे आहे, पण जुने प्रोजेक्ट उघडायला तो उत्तम आहे.

आता दुकानदारांकडे वळतो. आपण जाहिरातीचे पैसे देतो आणि हातात एक एमपी३ घेऊन येतो. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. हा हक्क ६० वर्षांचा असतो. पण हक्क असून माल हातात नसेल तर व्यवहारात काय उपयोग? काम देतानाच ठरवावे की स्टेम फाईली मिळतील की नाही, त्याचे वेगळे किती आणि स्टुडिओवाला त्या किती वर्षे सांभाळील. पावतीवर दोन ओळी पुरतात. स्टुडिओवाल्यांनीही यात संकोच करू नये. स्टेम काढायला तास दोन तास जातात, ही मेहनत आहे आणि तिचा दर असावा. विसार घेतानाच सांगितले तर कोणी नाराज होत नाही. सहा वर्षांनी सांगितले तर भांडण होते.

नवे घेताना

नवे सॉफ्टवेअर कोणते, हा प्रश्न सर्व जण आधी विचारतात. खरे तर आधी विचारावे की यातून बाहेर पडायचा दरवाजा कोठे आहे. सर्व ट्रॅक एका हुकमाने वेव्हमध्ये निघतात का? परवाना इंटरनेटशिवाय किती दिवस चालतो? आमच्याकडे वीज आणि नेट दोन्हींचा नेम नाही, त्यामुळे दर महिन्याला कंपनीकडे हजेरी लावणारे सॉफ्टवेअर गावाकडच्या स्टुडिओला जड जाते. रीपर नावाचे सॉफ्टवेअर छोट्या धंद्याला ६० डॉलरमध्ये मिळते. त्याची प्रोजेक्ट फाईल साध्या अक्षरांत असते, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते, ही मला त्याची मोठी जमेची बाजू वाटते. आर्डर हे खुले सॉफ्टवेअर आहे, त्याचा कोणी एक मालक नाही जो ते उद्या कुलूपबंद करील. नव्या सोनारचीही २०२५ पासून फुकट आवृत्ती आहे.

चोरीच्या प्रतीबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. अनेक खोल्यांमध्ये ती चालते हे सर्वांना माहीत आहे. कंपनी बंद करते तेव्हा परवानाधारकाला दुसरे सॉफ्टवेअर सवलतीत देण्याची पद्धत आहे. फिनालेच्या गिऱ्हाइकांना डोरिको असेच सवलतीत मिळाले. चोरीच्या प्रतीवाल्याला ही सवलत नाही, दाद मागायला जागा नाही, आणि त्या प्रतीबरोबर आलेला व्हायरस गिऱ्हाइकाचा माल खाऊन जातो तो वेगळाच. गिऱ्हाइकाचे काम आपल्याकडे अमानत असते. इतकी फुकट आणि स्वस्त साधने असताना ही जोखीम घेण्यात कसले शहाणपण?

स्टेम काढल्यावर प्रत्येक गाण्याच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकूर फाईल ठेवावी. तिच्यात गिऱ्हाइकाचे नाव, गाण्याची लय, गायकाची पट्टी, ४४,१०० की ४८,०००, मूळ सॉफ्टवेअर व त्याची आवृत्ती, वापरलेल्या प्लगइनची नावे, मींडीचे माप आणि तारीख लिहावी. फाईलींना ट्रॅक १, ट्रॅक २ अशी नावे न देता ढोलक, हार्मोनियम, कोरस अशीच द्यावीत. पाच वर्षांनी ते फोल्डर उघडणारा माणूस बहुधा दुसराच असेल.